खुर्ची रिकामी नाही

वस्तू: लाकडी खुर्ची, हातांची.
नग: एक.
स्थिती: निकामी.
शेरा: उचलावी.

मित्रांनो, वर लिहिली आहे ती मी. चार ओळींत माझं आयुष्य आटोपलं आहे. ते मला मान्य नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

मी एक जुनी सरकारी खुर्ची आहे. आंबेतळीच्या आरोग्य उपकेंद्रात राहते. आंबेतळी म्हणजे सुपा धरणाच्या फुगवट्यामागे, डोंगरात वसलेली अठ्ठावन्न घरं. रामनगरच्या परशू सुताराने मला घडवलं. नमुना सरकारने दिला होता, पण पाय त्याने नमुन्यापेक्षा जाड घेतले. "हापिसातला माणूस अलगद बसतोय," तो म्हणाला, "डोंगरातला धपकन बसतोय." त्याने माझी बैठक वेताने विणली. दुसऱ्या कुणीतरी पाठीवर पांढरा आकडा रंगवला. मग मला टेंपोत चढवलं.

उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक खाट, एक कपाट, वजनकाटा आणि नर्सबाई यमुना. गाव त्यांना यमुनाक्का म्हणतं. माझ्यावर बसून लोकांनी ताप सांगितला, खोकला सांगितला, घरात सांगता येत नाही तेही सांगितलं. मुलांनी सुई टोचून घेताना माझ्या हातांना चावे घेतले. ते दात अजून उमटलेले आहेत. निकामी म्हणणाऱ्याने ते पाहिले नाहीत.

मग एका श्रावणात ओढ्यावरचा साकव वाहून गेला, आणि त्याच दिवशी बाळीला कळा लागल्या. पहिलटकरीण होती, मूल आडवं होतं. यमुनाक्का म्हणाल्या, "हिला खाली न्यायलाच पाहिजे." बाळीचा नवरा उमाजी याने इकडेतिकडे पाहिलं. मग माझ्या हातांखालून दोन बांबू घातले, काथ्याने आवळले आणि बाळीला माझ्यावर बसवलं. चार माणसांनी मला खांद्यावर घेतलं. डांबरी रस्ता अकरा किलोमीटर. रुग्णवाहिका तिथवरच येते. बाळी वाचली, मूलही वाचलं.

परत आल्यावर उमाजीने रानातून वेत आणला आणि माझ्या बैठकीत एक नवी पट्टी विणली. कुणी सांगितलं नव्हतं. पण तेव्हापासून रीतच पडली. माझ्यावरून गेलेलं माणूस परत आलं, की घरचे एक पट्टी विणतात. आज अशा एकोणीस पट्ट्या आहेत. तीन जागी वेत सैल आहे. तिथे विणायला कुणी आलं नाही.

ही माझी नोंद. आता दुसरी नोंद.

नाव:
मोबाईल नंबर: (भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही)

खात्याने यमुनाक्कांना एक चपटं यंत्र दिलं. येणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्यात घालायचं आणि नंबरही घालायचा. नंबरावर चार आकडे येतात, ते यंत्राला सांगायचे. आंबेतळीत फोनला रेंज एकाच ठिकाणी लागते, पुंडलिकाच्या फणसाखाली, वर टेकाडावर. म्हणून गावाने सरळ मार्ग काढला. सगळ्यांनी पुंडलिकाचाच नंबर द्यायचा. कुणी माझ्यावर येऊन बसलं, की पुंडलिक टेकाडावरून ते चार आकडे ओरडायचा. खाली कुणीतरी ते झेलून यमुनाक्कांना द्यायचं. दोन वर्षं हे सुरळीत चाललं. कुणाला यात चूक वाटली नाही. मलाही नाही.

यंदा मळणी आटोपली आणि रक्षितामॅडम आल्या. राजधानीतल्या, नियोजनाच्या. वयाने लहान, बोलायला गोड. बरोबर टेंपो आणि दोन हमाल. मॅडम राज्याच्या भाषेत, कन्नडमध्ये बोलत होत्या, आणि सीमेवरच्या या गावाला कन्नड-मराठी दोन्ही आपल्याच.

"सिस्टर, वर्षभरात इथे अकराच माणसं आली आहेत. हे केंद्र पुढच्या गावातल्या केंद्राला जोडलंय. नकाशावर सहाच किलोमीटर आहे."

"अकरा?" यमुनाक्का म्हणाल्या. "तापाच्या साथीत एका दिवसात तेवढी येतात की! आणि सहा किलोमीटर फुगवट्याच्या पाण्यावरून मॅडम. त्या वाटेने बगळे जातात."

मॅडमनी आपल्या यंत्राचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे पुंडलिक कोण? एकाच नंबरावर तीनशे चाळीस नोंदी. सात बाळंतपणं."

"माझीच ती सगळी!" दारातून पुंडलिक अभिमानाने म्हणाला.

"सात बाळंतपणं झाली," उमाजी म्हणाला, "आन् पोट अजून उतरलं न्हाई व्हय रं तुझं?"

सगळे हसले. मॅडमही हसल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं. यमुनाक्कांचं यंत्र सगळ्या नोंदी घेतं, पण मॅडमचं मोजणीचं यंत्र एका नंबराला एकच माणूस धरतं, बाकीच्या गाळून टाकतं. पुंडलिक एक आणि स्वतःचा नंबर देणारे दहा पाहुणे, झाले अकरा. "रचनाच तशी आहे. मी केलेली नाही."

"मग कुनी केली?" उमाजीने विचारलं.

"वर."

"वर म्हंजे कुठं? आमच्या वर डोंगूर हाय."

मित्रांनो, मॅडम वाईट नव्हत्या. अकरा माणसांची नर्स तीनशे माणसांना द्यायची, असा त्यांचा हिशेब होता. कागदावर तो बरोबर होता. माझ्यावर अकराच माणसं बसली असती, तर मीही मान डोलावली असती.

हमालांनी कपाट नेलं. खाट अंगणात काढली. मग यादीतल्या माझ्या त्या चार ओळी वाचून ते माझ्याकडे वळले. एकाने माझी पाठ धरली, दुसऱ्याने…

बाळी बसली.

धपकन. आठव्या महिन्याचं पोट घेऊन. पहिल्या खेपेला अकरा किलोमीटर मी तिला सोसलं होतं, मला तिचं वजन ओळखीचं होतं. या खेपेला यमुनाक्का नसत्या, तर मूल आडवं की सरळ हे सांगणारं गावात कुणी उरणार नव्हतं. तिला ते ठाऊक होतं.

"ताई, उठा," हमाल म्हणाला.

"न्यायची तर माझ्यासकट न्या." ती मॅडमकडे वळली. "लिवा. नाव बाळी. आठवा महिना. पाय सुजल्यात."

"नंबर?" मॅडमच्या तोंडून सवयीने गेलं.

बाळीने पुंडलिकाचा नंबर घडाघडा म्हटला. मॅडमचं मोजणीचं यंत्र म्हणालं: हा नंबर आधीच नोंदलेला आहे.

"मग मी कोन, पुंडलिक?" बाळीने विचारलं.

ती उठली तोवर तिच्यामागे लखू उभा होता, त्याच्यामागे त्याची आई, तिच्यामागे सुमनमावशी. रांग अंगणातून बांधापर्यंत गेली. एकेक माणूस माझ्यावर बसलं. नाव सांगितलं, दुखणं सांगितलं, पुंडलिकाचा नंबर सांगितला. यंत्र तेच तेच म्हणत राहिलं. दुपार कलली. एक्केचाळिसाव्या माणसाला मॅडमनी यंत्र मांडीवर पालथं ठेवलं आणि नुसतं ऐकलं. बेचाळिसाव्यालाही. शेवटच्यापर्यंत.

"मला फक्त अहवाल लिहायचा अधिकार आहे," त्या उठताना म्हणाल्या. "निर्णय वर होतो."

"मग वर असं लिवा," उमाजी म्हणाला, "खुर्ची रिकामी न्हाई."

त्या दिवशी कपाट गेलं. खाट आणि मी राहिलो. औषधं आता यमुनाक्कांच्या तांदळाच्या डब्यात असतात.

वरून पत्र आलेलं नाही. बंद करा असंही नाही, ठेवा असंही नाही. ते येईपर्यंत गावाने ठरवून टाकलं आहे. रानडुकरांपासून भाताला घराघराने पाळीपाळीने राखण बसते, तशी आता मला बसते. सकाळपासून दिवा लागेपर्यंत माझ्यावर कुणी ना कुणी असतंच. कोणीही, कधीही मोजायला यावं.

गेल्या गुरुवारी बाळीची पाळी होती. बसल्या जागीच तिला कळा आल्या. या खेपेला मूल सरळ होतं, पण यमुनाक्कांनी हात लावून तसं सांगेपर्यंत उमाजीने बांबू काढून ठेवले होते. ते लागले नाहीत. बाळी माझ्यावरून उठून चार पावलांवरच्या खाटेवर गेली. मुलगी झाली. पुंडलिक फोन घेऊन टेकाडावर पळाला, चार आकडे ओरडला आणि वर जोडून म्हणाला, "आठवं!"

दुसऱ्या दिवशी उमाजी वेत घेऊन आला आणि माझ्या बैठकीत पट्टी विणू लागला.

"आरं, ती कुठं गेलीच न्हाई की," लखू म्हणाला.

"म्हनूनच," उमाजी म्हणाला.

ही माझी विसावी पट्टी.

मित्रांनो, तुमच्याही गावात अशी एखादी खुर्ची असेल. तिला नवा रंग नको, तिच्यासाठी समारंभ नको. तिचा वेत सैल झाला तर विणा, तिची नर्स कुणी नेत असेल तर आडवे या. आणि तुम्ही मोठे होऊन मोजणारे झालात, तर आधी येऊन तिच्यावर बसा आणि खालच्या पट्ट्या बोटांनी मोजा.

आता थांबते. सुमनमावशी काठी टेकत येते आहे, तिची पाळी आहे. धपकन बसते ती. बसू दे. माझे पाय जाड आहेत.