धाकटीचा ओठ

पिंपळगाव राजातल्या आमच्या शेजारणीने, विमलआजींनी, महालक्ष्म्यांचे मातीचे मुखवटे माझ्याकडे रंगवायला दिले, तेव्हा बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा ध्यानात हायेत ना, समता?"

"हायेत. पुजून नाही राह्यली, रंगवून राह्यली."

मी खामगावच्या शाळेत चित्रकला शिकवते. माझ्या हाताचा मला भारी गर्व. बाबा हसले नाहीत, पण ब्रश धुवायला डबा त्यांनीच आणून दिला.

थोरलीचं काम सोपं होतं. धाकटीच्या खालच्या ओठाचा मात्र टवका उडालेला. मी तो पुट्टी भरून बुजवला, घासला आणि असा सुरेख ओठ काढला की स्वतःच बघत बसले.

मोतीबिंदूमुळे आजींना फारसं दिसत नाही. त्यांनी धाकटीच्या चेहऱ्यावरून बोटं फिरवली. ओठापाशी थांबल्या, पुन्हा फिरवली.

"हे माही नाही वं."

मी चिडलेच. आठ दिवस खपले होते. "काऊन नाही, आजी? तुमचीच हाये. टवका बुजवला फक्त."

"तो माह्या पुष्पांजलीनं पाडला होता. पाच वर्साची होती. म्हणे, देवी जेवत काऊन नाही? अन् पळीनं पुरण भरवाले गेली. त्याच साली तापानं गेली पोरगी. तवापासून पयला घास तिथंच लावत आली मी."

मला लाज वाटली. तिथेच ओसरीत बसून मी ब्लेडनं तो सुरेख ओठ खरवडायला घेतला. आजी दर वेळी बोट लावून बघायच्या. "आणखी जराक," म्हणायच्या. शेवटी एकदा काहीच बोलल्या नाहीत, तेव्हा मी ब्लेड खाली ठेवलं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी मी दाराशी उभी राहिले. हात जोडले नाहीत. आजींनी पुरणाचा घास धाकटीच्या ओठाला लावला. बोट बरोबर खळग्यात बसलं. मग दुसरा घास घेऊन त्या चाचपडत माझ्याकडे आल्या.

"हा परसाद नाही, पोरी. तुहा धरम मले माईत हाये. नुसता घास हाये हा. आ कर."

मी आ केला. त्यांची बोटं आधी माझ्या ओठांवरून फिरली, मग घास आत गेला.