झोपवण्याची पाळी

त्या घरात मुलांना झोपवायला कुणी कंटाळत नसे. उलट त्या कामावरून नवरा-बायकोत भांडणं होत. कारण मूल झोपवायचं म्हणजे शेजारी आडवं व्हायचं, आणि मुलाशेजारी आडव्या झालेल्या माणसाला कुणी भांडी घासायला उठवत नाही. शेवटी तह झाला: रविवारी हा मान बायकोचा, एरवी नवऱ्याचा.

नवरा बेकरीत भट्टी सांभाळायचा. गाव साखरझोपेत असताना त्याचे पाव फुगत असत आणि गाव कामाला लागलं की त्याचे डोळे मिटायला लागत. बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर. तिची पाळी दुपारची. दोघांची भेट दारात होई. तो बूट काढत असे, ती चप्पल शोधत असे, आणि तेवढ्यात संसाराची देवाणघेवाण उरके: गोळ्याने भात थुंकलाय, ठकी वेणी घालू देत नाही, पाणी भरून ठेव. गोळा म्हणजे वर्षाचा मुलगा. बेकरीवाल्याच्या घरी एवढं गुबगुबीत पोर आल्यावर लोक दुसरं काय म्हणणार? ठकी थोरली. वयाने साडेचार, बोलण्यात सत्तर.

त्या दुपारीही सगळं रीतसर झालं. पडदे ओढले. गोळा बाटली तोंडात असतानाच कलंडला. भट्टीवाल्याने उशी ठोकून बसकी केली, ठकीला कुशीत घेतलं आणि ज्या तासाभराच्या जोरावर तो अख्खा दिवस रेटायचा, त्या तासात पाय टाकला.

"मी आज झोपणार नाही," ठकी म्हणाली.

"बरं. नुसते डोळे मीट."

"मिटणार पण नाही."

त्याने हत्तीची गोष्ट काढली. हा हत्ती वर्षभर तळ्याकडे निघालेला होता. तो तिथे पोचल्याचं दोघांपैकी कुणीच ऐकलं नव्हतं. आज हत्ती पोचला, पोटभर पाणी प्यायला, घरीसुद्धा आला, तरी ठकी टक्क जागी. मग गोष्टवाल्याचीच जीभ जड झाली आणि त्याने हत्तीला फळीवर ठेवून भट्टीत सरकवलं. ठकी उठून बसली.

"बाबा, हत्तीला भट्टीत नसतं घालायचं. तू झोपेत बोलतोयस."

"मग तू झोप ना गं माझी आई. म्हणजे मलाही झोपता येईल."

"रोज रोज मीच का?" ठकीने कपाळाला हात लावला. ही लकब थेट आईची. "मी डोळे मिटते, मग तू मिटतोस. तू घोरायला लागलास की मी उठते. मला कंटाळा आला तुला झोपवायचा."

भट्टीवाला पडल्यापडल्या हसला. हसू निम्म्यावर आलं आणि अडकलं.

"उठून काय करतेस?"

"कामं असतात. पाणी पिते. गोळ्याचं पांघरूण बघते. बाहुलीला औषध देते."

"कुठलं औषध?"

"खोटं खोटं. खरं वर ठेवलंय ना आईने."

"आणि?"

"कबुतरं बघते."

"खिडकीतून."

"खिडकीतून शेपट्याच दिसतात. गॅलरीतून."

"गॅलरीची कडी वर आहे, ठके."

"खुर्ची आहे की," बाराखडी गिरवून घ्यावी तशा आवाजात ती म्हणाली. "पण मी कडी परत लावते. तू ओरडशील म्हणून."

घर चौथ्या मजल्यावर होतं.

आयुष्य भट्टीपुढे काढलेल्या त्या माणसाचे तळवे गार पडले. ती खुर्ची रोज गॅलरीच्या दाराशी सापडायची आणि रोज तो बायकोच्या नावाने बोटं मोडत ती टेबलाशी नेऊन ठेवायचा.

झोप उडाली, तरी डोकं झोपेचाच हिशेब करत राहिलं. गपचूप दाराला उंचावर दुसरी कडी बसवावी आणि विषय मिटवावा, असं त्याच्या मनात आलं. बायकोला सांगितलं, तर दुपारची झोप गेली, कायमची. पण गॅलरी बंद केली तरी शेगडी होती, सुऱ्या होत्या, मोरीतली बादली होती, आणि या सगळ्यांच्या वर ठकीचं डोकं होतं. दुपारभर तो तिच्या मागे मागे हिंडला. तिने त्याला दोनदा बसायला सांगितलं.

संध्याकाळी बायको आली.

"एक सांगायचंय. ओरडू नकोस."

"ओरडायला त्राण लागतं. बोल."

त्याने सांगितलं, खुर्चीसकट. ती ऐकता ऐकता त्याच खुर्चीवर बसली.

"किती दिवस चाललंय हे?"

"तिला विचारलं. 'खूप' म्हणाली."

"आणि तू घोरत होतास."

"हो."

बायकोने पुढच्या वाक्यांसाठी श्वास घेतला. तेवढ्यात जमिनीवरून, बाहुलीच्या अंगात फ्रॉक कोंबता कोंबता, ठकी म्हणाली, "आई बरी. बाबाला फार वेळ लागतो."

"आई बरी म्हणजे?"

"रविवारी. तू गोष्ट सांगता सांगताच झोपतेस. तुझा हत्ती घरातून निघतच नाही."

घेतलेला श्वास बायकोने नुसताच सोडला. भांडणाला दोन बाजू लागतात. इथे दोघं एकाच बाजूला, आरोपीच्या.

तोडगा निघायला वेळ लागला नाही, कारण दुसरा नव्हताच. दुपारी कुणी आडवं व्हायचं नाही. बायको घरी आली की त्याने चार घास खाऊन सरळ झोपायचं. रविवारी त्याच वेळेला तिने.

"मग आपण बोलायचं कधी?" तिने विचारलं. मुलं निजल्यावर अर्धा अर्धा कप चहा आणि नातेवाइकांची निंदा, एवढंच त्यांचं सहजीवन शिल्लक होतं.

"दारात."

"दारात मी चप्पल शोधत असते."

"मी शोधून ठेवत जाईन."

ती यावर हसली नाही आणि त्यानेही ते विनोद म्हणून म्हटलं नव्हतं.

त्याने उंचावर कडी बसवली, मग तो जेवला आणि उजेड असतानाच आतल्या खोलीत जाऊन पडला. अंधारलं तेव्हा बाहेरून बायकोचा आवाज येत होता. ससा घराबाहेर पडला. सशाने पिशवी घेतली. सशाने पिशवीत... सशाने जेवणानंतर एक, सकाळ-संध्याकाळ... आवाज घरंगळत गेला आणि थांबला. मग फरशीवर अनवाणी पावलं वाजली.

ठकी दारात उभी राहिली.

"आई झाली झोपवून," ती म्हणाली. "आता तू सरक."

भट्टीवाल्याने दिवा लावला आणि तो उठून बसला.