थोरलीची निवृत्ती

आमच्या खोलीत एक नियम आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. अँब्युलन्सची गाडी पोचली आणि फोन बंद झाला, की पुढे काय झालं ते विचारायचं नाही. माणूस वाचला की गेला, हे गाडीवाल्यांना कळतं, हॉस्पिटलला कळतं. आम्ही संकटाच्या नंबरावर फोन घेणारी माणसं. आमच्या वाट्याला फक्त सुरुवात येते, किंकाळ्यांची. लगेच दुसरा फोन वाजतो, त्यामुळे विचारायला सवडही नसते म्हणा.

थोरलीने यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. आम्ही तिला तोंडावर ताई म्हणतो आणि पाठीमागे थोरली, कारण खोलीत सगळ्यांत जुनी तीच आणि रडणाऱ्या माणसाकडून आधी पत्ता कसा काढून घ्यायचा हे आम्हा सगळ्यांना शिकवलं तेही तिनेच. फोन संपला की ती हेडफोन गळ्यात ओढायची आणि शेवट आपला आपणच सांगून मोकळी व्हायची. "उठून बसले असतील आजोबा. आता पथ्यावरून सुनेशी भांडतील." आम्ही हसायचो. एक पोरगं पाण्याच्या टाकीत पडलं होतं. घरात आई एकटी. गाडी येईपर्यंत थोरली फोनवर आकडे मोजत होती आणि ती बाई तसतशी पोराची छाती दाबत होती. त्या पोराला थोरलीने मनातल्या मनात शाळेत घातलं, गणितात कच्चं ठेवलं, आणि अलीकडे तर त्याला मिसरूडही फुटलं होतं.

त्या दिवशी गाडीवर माझा नवरा होता. त्या पोराचं काय झालं ते मला माहीत होतं.

लवकर निवृत्तीची मोहीम मी सुरू केली ती थोरलीसाठीच. आग विझवणारे आणि गाडीवरचे लोक लवकर निवृत्त होतात, पूर्ण पेन्शन घेऊन, औषधपाण्याच्या सोयीसकट. आम्ही मात्र कागदोपत्री कारकून. कारकुनाने कसं, दात पडेपर्यंत खुर्ची उबवायची! थोरलीचे कान सतत वाजत असायचे, घरी मिक्सर लागला तरी ती दचकायची. तिचं तोवर निभणार नव्हतं. म्हणून मी सह्या गोळा केल्या, साहेबांच्या दारात ठाण मांडलं, शिफ्ट संपवून सभा घेतल्या, नवऱ्याशी भांडले, आणि शेवटी एकदाची समितीने आम्हाला सुनावणीला बोलावलं.

थोरली माझ्या शेजारी बसली होती, कडक इस्त्रीच्या कपड्यांत. "मला बोलायला लावू नकोस हं," एवढं तिने आधीच बजावलं होतं.

समितीचे अध्यक्ष पेनाची टिकटिक करत ऐकत होते. डॉक्टरांचे दाखले त्यांनी उलटून पाहिले आणि बाजूला सरकवले. "त्रास मान्य आहे," ते म्हणाले. "पण शेवटी खुर्चीत बसून फोन घ्यायचा. आगीत शिरणाऱ्याशी तुमची बरोबरी कशी करायची?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्या पोराची हकिगत सांगितली. टाकी, आई, आकडे.

"मग? वाचलं ना मूल?" अध्यक्षांनी विचारलं.

'आम्हाला ते कधीच कळत नाही, हाच तर आमचा त्रास आहे,' असं मला म्हणता आलं असतं. ते खरं होतं, आणि कदाचित तेवढ्यानेही काम झालं असतं. थोरली दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली आहे हे मला दिसत होतं. तरी मी म्हणाले, "नाही. फोन लागला तेव्हाच ते गेलेलं होतं. या ताई मेलेल्या मुलासाठी आकडे मोजत होत्या."

पेनाची टिकटिक थांबली. समितीतल्या एका बाईंनी डोळे पुसले. आणि मला, खरं सांगते, आनंद झाला. जिंकलो, असं वाटलं. मग मी शेजारी पाहिलं. थोरली मान जराशी कलती करून माझ्याकडे बघत होती, फोनवर नीट ऐकू येत नसलं की करते तशी.

भाषणाच्या भरात तोंडातून निसटलं असेल, असं मैत्रिणींनी माझ्या वतीने ठरवून टाकलं. मी त्यांना ठरवू दिलं. नवरा फसला नाही. जेवताना त्याने विचारलं, "तिला माहीत नव्हतं?"

"नाही."

"आणि तिला माहीत नाही, हे तुला माहीत होतं?"

मी मान खाली घातली. तो अर्ध्या ताटावरून उठला.

आमची मागणी मान्य झाली. खोलीत पेढे वाटावेत तसा आनंद वाटला गेला, पोरींनी मला मिठ्या मारल्या. थोरली आता हवं तेव्हा जाऊ शकत होती. सगळ्यांना वाटलं, पहिला अर्ज तिचाच. तिने अर्ज केलाच नाही. शेवटी मी तिला पाण्याच्या फिल्टरपाशी गाठलं.

"ताई, अहो, सुटा आता. तुमच्यासाठीच तर केलं हे सगळं."

"माहीत आहे गं. चांगलं केलंस. या पोरींचे कान तरी वाचतील."

"मग तुम्ही का जात नाही?"

तिने ग्लास भरला आणि तसाच हातात धरला. "घरी शांत असतं. शांत झालं की ती बाई येते. मी मोजते तशी दाबत असते बिचारी, आणि मी काही तिला थांब म्हणत नाही. इथे निदान दुसरा फोन येतो."

मला तिथेच रडू फुटलं. चुकलं माझं, ताई, मी नको होतं बोलायला, असं काहीबाही मी म्हणत राहिले. तिने मला रडू दिलं. कामामुळे ती सवयच आहे तिला.

"बोलायला हवंच होतं," ती म्हणाली. "फक्त आधी मला बाजूला घेऊन सांगायचंस, की ताई, ते पोर गेलं आणि मला ते तिथे सांगायचंय. मीच बोलले असते गं. तुझ्यापेक्षा बरं बोलले असते."

"मला वाटलं, तुम्ही नाही म्हणाल."

"म्हणजे विचार केला होतास तू."

आत फोन वाजला. मी डोळे पुसेपर्यंत ती जाऊन खुर्चीत बसलीही होती आणि कुणाला तरी पत्ता विचारत होती.