चिमणबाणाचा पिवळा मुखवटा

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे. पिवळा, फक्त कपाळावर आणि डोळ्यांभोवती बसणारा, एका बाजूची नाडी तुटलेला. तुमचे आजी-आजोबा लहान होते तेव्हा दर रविवारी सकाळी टीव्हीवर गरुडवीराची मालिका लागत असे. गरुडवीर उडायचा आणि त्याचा छोटा साथीदार चिमणबाण संकटात सापडायचा. बिचाऱ्याला दुसरे कामच नव्हते! कधी तो करवतीखाली, तर कधी मगरींच्या खड्ड्यावर उलटा टांगलेला. "गरुडवीर, वाचवा!" या त्याच्या आरोळीवर भाग संपायचा. सुटका पुढच्या रविवारी. त्या चिमणबाणाच्या चेहऱ्यावर मी असायचो.

मला शिवले चिमणबाणाच्या बायकोने. दचकलात ना? पडद्यावर पंधरा वर्षांचा दिसणारा चिमणबाण खरा अडतीस वर्षांचा आणि दोन मुलींचा बाप होता. चणीने लहान, म्हणून सगळे त्याला बुटकेराव म्हणत. त्याची बायको मालिकेचा कपडेपट सांभाळायची. तिला सगळे वहिनी म्हणत. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या आणि कपाळावरच्या आठ्या झाकायला तिने मला जाड कापडातून बेतले, डोळ्यांपुरती बारीक भोके ठेवली आणि खळ लावून कडक केले.

"अहो, हा लावला की तुम्ही मुलींचे धाकटे भाऊ दिसता," ती हसून म्हणाली होती.

"मग आजपासून घरात मला खाऊ जास्त," बुटकेराव म्हणाले.

तीन वर्षे आमचे छान चालले. मुलांची पत्रे पोत्याने यायची. चित्रीकरणाच्या वेळी आवाज घेत नसत. तो मागाहून भरत. त्यामुळे पंखे घरघरत असायचे आणि दिग्दर्शक खुशाल ओरडून सूचना द्यायचे. अशा गोंगाटात खरी अडचण कशी कळणार? म्हणून एक खूण ठरली होती. बुटकेरावांनी अंगठा वर केला की सगळे जागच्या जागी थांबवायचे.

एके दिवशी काचेच्या टाकीचा प्रसंग होता. चिमणबाणाला खुर्चीला बांधून टाकीत बसवायचे आणि पाणी सोडायचे. पाणी छातीशी आले की दृश्य संपणार होते. नळवाले काका पडद्यामागे चावीपाशी बसले होते. त्यांना टाकी दिसत नव्हती. दिग्दर्शकांची हाक आली की चावी बंद करायची, एवढेच त्यांना ठाऊक.

त्याच आठवड्यात एका मुलाने पत्र लिहिले होते, की चिमणबाणाच्या गाठी ढिल्या असतात, तो स्वतःच का सुटत नाही? म्हणून दिग्दर्शक म्हणाले, "वहिनी, आज हात मागे बांधा. आणि गाठ अशी मारा, की पोरांनी बोट दाखवता कामा नये."

वहिनींनी दुहेरी गाठ मारली. ओढून पाहिली. मित्रांनो, मागे बांधलेल्या हाताचा अंगठा कोणाला दिसणार? हा साधा प्रश्न त्या खोलीतल्या वीस शहाण्यांपैकी एकालाही सुचला नाही. मलाही नाही.

पाणी वाढू लागले. छातीशी आले. दिग्दर्शक म्हणाले, "अजून थोडं, फार छान दिसतंय!" पाणी गळ्याशी आले, हनुवटीला लागले. बुटकेरावांनी मान उंच ताणली आणि पाणी तोंडात जाऊ नये म्हणून ओठ घट्ट मिटले. त्यांच्या भुवया माझ्या आत थरथरत होत्या. कपाळावर भीतीची आठी पडली होती, आणि ती मी झाकून बसलो होतो! बाहेरून मी नेहमीसारखाच धीट, पिवळा आणि टोकदार दिसत होतो. असा हादरा मला आयुष्यात कधी बसला नव्हता.

"वा! बुटकेराव, आज काय काम करताय!" दिग्दर्शक ओरडले.

तेवढ्यात वहिनी पुढे आल्या. "थांबवा! ते ओरडत नाहीयेत!"

"अहो वहिनी, आवाज नंतर भरायचाय."

"तीन वर्षं घसा फोडून ओरडणारा माणूस आज तोंड मिटून बसलाय! बंद करा ते पाणी!"

गरुडवीर शेजारीच हाताची घडी घालून उभा होता. तो चाचरत म्हणाला, "पण माझी एंट्री पुढच्या भागात आहे."

वहिनी शिडीवर चढल्याच. त्यांनी वाकून नवऱ्याची मान वर खेचायला हात घातला आणि त्यांच्या हाती मी लागलो. नाडी तुटली. मी निघालो आणि काचेतून सगळ्यांना ते डोळे दिसले. मोठे, लाल, विनवणारे. मग "चावी!" अशी एकच किंकाळी उठली. गरुडवीरानेही टाकीत उडी टाकली. त्याचे कापसाचे दंड भिजून लोंबू लागले, पण त्याने खुर्चीसकट बुटकेरावांना वर उचलून धरले.

बुटकेराव बराच वेळ खोकत राहिले. वहिनींना ओली गाठ सुटेना, तेव्हा त्यांनी ती दातांनी सोडवली. "मीच बांधली हो, मीच बांधली," एवढेच त्या म्हणत होत्या.

मित्रांनो, खरा धक्का तर पुढच्या रविवारी बसला. दिग्दर्शकांनी ते दृश्य, मी निघण्याआधीपर्यंतचे, तसेच्या तसे दाखवले. शेजारपाजारची मुले आमच्या घरी टीव्हीपुढे टाळ्या पिटत होती. "चिमणबाण किती खरं खरं घाबरलाय!" असे म्हणत होती. बुटकेरावांच्या मुलीही त्यात होत्या. वहिनींनी उठून टीव्ही बंद केला.

"आई, असं काय गं! गरुडवीर येणारच आहे ना वाचवायला?" धाकटी रडवेली झाली.

दुसऱ्या दिवसापासून वहिनी नळाच्या चावीपाशी स्वतः बसू लागल्या.

माझी नाडी त्यांनी पुन्हा शिवली नाही. नव्या मुखवट्याची भोके त्यांनी दुप्पट मोठी कापली. चिमणबाण थोडा म्हातारा दिसू लागला, पण कोणाची तक्रार आली नाही.

तुम्ही खुशाल मुखवटे लावा, एकमेकांना दोरीने बांधा, राक्षस व्हा, वीर व्हा. फक्त मधेच एकदा खेळ थांबवा. ज्याला बांधले आहे त्याच्या तोंडावरचा मुखवटा वर सरकवा आणि विचारा, "बरा आहेस ना रे?" आणि तो उत्तर देईपर्यंत थांबा.