चाखलं, खाल्लं नाही

माझ्या नवऱ्याचं, मेतवल्लीचं, यकृत खराब झालं आणि अख्खं नबरोह गाव डॉक्टर झालं.

शेजारीण उम्म रजब, म्हणजे रजबची आई, म्हणाली, "मांस-अंडी बंद कर. यकृताला जड असतात. उकडलेले बटाटे दे आणि काकवी पाज." तिच्या दिराची कावीळ म्हणे काकवीनेच उतरली होती. मी तेच केलं. महिन्या-दीड महिन्यात मेतवल्लीच्या दंडांच्या काड्या झाल्या आणि पोट मात्र पाण्याने टम्म फुगलं. मन्सूरा शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा दंड चिमटीत धरून पाहिला आणि मला झापलं.

"याला उपाशी मारताय का? अंडं, कोंबडी, मासे, मसूर, सगळं द्या. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. झोपायच्या आधी पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. बंद करायचं ते फक्त मीठ."

फक्त मीठ! फसीखवाल्याच्या बायकोला हे सांगत होत्या त्या. बोय मासा पिंपात मिठात मुरवून फसीख म्हणून विकायचा, हा आमचा तीन पिढ्यांचा धंदा. आमच्या घराच्या भिंती चाटल्या तरी खारट लागतील.

तरी मी मीठ काढलं. लोणच्याची बरणी उम्म रजबकडे गेली, खारं चीज गेलं. बाजारच्या भाकरीत मीठ असतं म्हणून भाकरी घरी भाजायला लागले. कोंबडीला लिंबू, जिरं, लसूण. मेतवल्ली पहिल्या घासालाच तोंड वाकडं करायचा. "अळणी! कैद्यालासुद्धा यापेक्षा बरं मिळतं." मी म्हणायची, "कैद्याला बायको नसते पाठीमागे लागायला. गीळ."

दंड जरा भरले. पण पोट पुन्हा फुगलं. सुईने पाणी काढलं, तरी पुन्हा फुगलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "घरात मीठ कोण घालतं?" मला रडूच आलं. घरी येऊन मी पीठ चाखलं, नळाचं पाणी चाखलं, औषधाची गोळीसुद्धा जिभेला लावून पाहिली. उम्म रजब म्हणाली, "बघ, मी सांगत होते, अंड्यांनीच झालं." आता कुणाचं ऐकावं? खरं सांगते, माझं डोकं चालेनासं झालं. चमचा उचलला तरी वाटायचं, यानेच तो मरणार आहे.

शम्म-नसीमच्या, वसंताच्या सणाला आठवडा राहिला होता. त्या दिवशी सगळा इजिप्त फसीख खातो, त्यामुळे दुकानात श्वास घ्यायला सवड नव्हती. दुपारी मी स्वतःच डबा घेऊन गेले. मेतवल्ली मागच्या खोलीत पिंपांपाशी वाकला होता. माशाच्या पाठीचा तुकडा काढून त्याने तोंडात घातला, चघळला, थुंकला. मग दुसरा. मग पुन्हा त्याच माशाचा तिसरा.

मी दारातूनच ओरडले. "हरामखोरा! आणि मी घरी नळाचं पाणी चाखत बसलेय?"

तो दचकला, पण लगेच सावरला. "खाल्लं कुठे? चाखलं. रमजानात स्वयंपाकीण कालवण चाखून थुंकते, तिचा रोजा मोडतो का? मशिदीतल्या शेखनाच विचार."

"रोजा मोडत नसेल. यकृताला शेखचं म्हणणं कळत नाही. आणि सगळं थुंकतोस?"

"कधी कधी जातं आत."

"मग आजपासून बंद."

"आणि मीठ कमी पडलेलं पिंप विकलं गेलं तर? कच्च्या फसीखने माणसं मरतात, उम्म सलमा. सणाच्या दिवशी लोकांच्या घरी जनाजे उठतील."

माझं माणूस वाचवायचं की लोकांची? मी चिडूनच म्हटलं, "एका माशाला एक तुकडा पुरे की. तीन-तीन कशाला?"

तो पिंपाच्या कडेला हात टेकून उभा राहिला.

"कळत नाही," तो म्हणाला.

"काय कळत नाही?"

"चव. थंडीपासून. सगळं तोंडात पत्र्यासारखं लागतं. वाटतं, पुढच्या तुकड्याला कळेल."

"मग घरी अळणी अळणी म्हणून ओरडतोस ते?"

"नसतो ओरडलो तर तुला कळलं असतं."

माझा राग कुठे गेला, मलाच समजलं नाही. मी पिंपातून तुकडा घेतला आणि तोंडात टाकला. डोळ्यांतून पाणी आलं.

"खारट?" त्याने विचारलं.

"खारट."

"पुरेसं?"

मी पुन्हा चघळलं. पुरेसं म्हणजे किती? ज्याला ते माहीत होतं तोच मला विचारत होता. "माहीत नाही," मी म्हटलं.

त्याने झाकण लावलं. मग भिंतीशी ओळीने उभ्या असलेल्या पिंपांकडे एकदा पाहिलं आणि स्टुलावर बसला.

"जा, समोरच्या शाकिरला बोलाव."

शाकिर म्हणजे समोरचा फसीखवाला. तीस वर्षांत माझ्या नवऱ्याच्या तोंडून त्याच्याबद्दल एक धड शब्द मी ऐकला नव्हता.

"त्याला काय सांगू?"

"सांग, माझी पिंपं चाखून दे. त्याची जीभ चांगली आहे," मेतवल्ली म्हणाला आणि डब्यासाठी हात पुढे केला.