बॅटरी बसली आहे

डिस्कितने छतावरच्या सौर पॅनेलवरचा बर्फ हाताच्या कडेने लोटला आणि लोकरीच्या जुन्या मोज्याने काच कोरडी केली. झाडू ती वापरत नसे. काडीचा ओरखडा उठला की तेवढा उजेड कमी. मग मागचे दोन चपटे दगड आत सरकवून तिने पॅनेल जवळजवळ उभं केलं. या दिवसांत सूर्य समोरच्या डोंगराच्या खांद्यावरून फारसा वर चढत नसे. जे काही ऊन मिळायचं ते आडवं मिळायचं.

खालच्या गच्चीवर भिंतीच्या आडोशाला तिची सासू, आबी, ऊन खात बसली होती. हातातलं प्रार्थनाचक्र करकरत होतं.

"पुसलंस का त्या काचेचं तोंड?" आबीने वर न बघता विचारलं. "मी माझ्या सासूची एवढी सेवा केली असती तर पुढच्या जन्मी राणी झाले असते."

"चक्राला तेल घाला, आबी-ले. देवांना झोप लागत नसेल."

"लागू नये म्हणूनच फिरवते."

डिस्कित शिडी उतरून तळघरातल्या मेंढ्यांच्या गोठ्यात गेली. तिथे कोपऱ्यात लाकडी खोक्यात, चारी बाजूंनी लोकर ठासून, गाडीची बॅटरी ठेवली होती. गाडी भिंतीपलीकडच्या छपरीत होती, पण छपरीत रात्री उणे वीस आणि मेंढ्यांच्या श्वासाने गोठ्यात शून्याच्या आसपास. पॅनेलची वायर झरोक्यातून आत येऊन एका छोट्या डबीला जोडलेली होती. बॅटरी भरली की डबी आपोआप हात आखडता घेई. गावाचं वीजघर ओढ्यावर चालायचं आणि ओढा गोठला की वसंतापर्यंत गप्प व्हायचं. बाकीच्यांनी आपापल्या गाड्या खिंड बंद होण्याआधीच लेहला नेऊन ठेवल्या होत्या.

तिने मीटरच्या दोन्ही सुया टेकवल्या. बारा पूर्णांक सात व्होल्ट. वर्गात ती मुलांना सांगायची, भरलेली बॅटरी गोठत नाही, रिकामी गोठते. भरलेलीत आम्ल दाट असतं, रिकामीत जवळजवळ पाणीच उरतं. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची. तिने सुया पुसल्या आणि लोकर पुन्हा नीट ठासली.

दुपारी तिने चुलीतली राख टोपलीत भरली आणि पाठीवर घेतली.

"निघाली," आबी म्हणाली. "अगं, नाहीच म्हणायचंय ना त्याला? मग रस्त्याला राख कुणासाठी?"

"रस्ता वाईट होता असं कारण मला द्यायचं नाहीये."

आबीने चक्र थांबवलं, सुनेकडे बघितलं आणि पुन्हा फिरवायला लागली. "माझ्या पोराहून तू डोकेबाज. तो नुसता चांगला होता."

गावाबाहेर, दवाखाना असलेल्या पदुमच्या रस्त्यावर, एका वळणावर झऱ्याचं पाणी आडवं वाहून गोठायचं. निळा, गुळगुळीत बर्फ, आणि डावीकडे सरळ नदी. वसंतात शेतातला बर्फ लवकर वितळावा म्हणून बायका राख फेकतात, तशी डिस्कित या वळणावर राख फेकायची. काळा रंग ऊन धरतो. रोज थोडा बर्फ खरबरीत व्हायचा, रात्री पुन्हा गोठायचा, पण खरबरीतच गोठायचा.

गेल्या हिवाळ्यात तिच्या नवऱ्याच्या, स्तोबदनच्या, पोटात दुखायला लागलं तेव्हा तिच्याकडे गाडी नव्हती. हिवाळ्यात गावात राहिलेली एकच होती, वरच्या घरच्या पाल्जोरची जीप. पाल्जोर परका नव्हता. दोन्ही घरं एका पास्पुनमधली, म्हणजे एकाच घरदेवतेची भावकी. जन्म असो की मरण, एकमेकांच्या दारात उभं राहायचं अशी शपथच असते ती. डिस्कित पळत वर गेली होती. पाल्जोर दारातच उभा राहिला. "बॅटरी बसली आहे, पोरी," तो म्हणाला. "काय करू? थंडी बघ." माणसांनी स्तोबदनला घोंगडीच्या झोळीतून न्यायला घेतलं. वळणाच्या अलीकडेच त्यांनी झोळी खाली ठेवली.

मेलेल्या माणसाला घरच्यांनी शिवायचं नसतं. पास्पुननेच त्याला धुवायचं, बसवून बांधायचं, लामांना आणायचं. डिस्कित आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या घराकडून आवाज आला. जीप एका फिरकीत चालू झाली. पाल्जोर लामांना आणायला गेला आणि राखेवाचून, चाकांना साखळ्या लावून, त्याच वळणावरून घेऊन आला. मरणाला नाही म्हणता येत नाही ना.

उणे वीसमध्ये, विजेशिवाय, बसलेली बॅटरी एका रात्रीत आपोआप उठत नाही. रडणाऱ्या बायकांच्या मधोमध बसून डिस्कितला पहिल्यांदा एवढंच सुचलं होतं. मग पाल्जोरने तिच्या नवऱ्याला उचललं आणि रीतीप्रमाणे तिने पाल्जोरच्या हातावर पाणी घातलं, त्याला जेवायला वाढलं.

उन्हाळ्यात तिने कारगिलहून जुनी छोटी पेट्रोलची गाडी आणली. पाल्जोरने त्याच सुमारास जीप विकली. मुलगा फौजेत, चालवणार कोण, असं तो लोकांना सांगायचा. म्हणजे या हिवाळ्यात गावात चालू होणारी गाडी एकच होती, आणि कधी ना कधी पाल्जोरला ती मागावी लागणार होती. डिस्कितने आबीला एकदाच सांगितलं होतं, शांतपणे, भाकरी थापता थापता: "तो मागेल. मी किल्ली फिरवीन. त्याला आवाज ऐकू देईन. आणि मग नाही म्हणेन."

दर पौर्णिमेला गाव गोंपाकडे, मठाकडे, निघालं की ती बॅटरी गाडीत बसवून इंजिन चालू करायची. दोन मिनिटं चालवून उपयोग नसतो, जेवढं खर्च होतं तेवढंही परत येत नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती चांगली घटकाभर चालू ठेवायची. लोक थट्टा करत.

"मॅडमची गाडी मंत्र म्हणते बघा!"

"आमच्या लामांपेक्षा स्पष्ट म्हणते."

पाल्जोर मान खाली घालून जायचा. एकदा तो थांबला होता, जरा वेळ, पाठमोरा. मग गेला.

मग एका सकाळी पाल्जोरची बायको कुन्झेस स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या बाहीवर डाग होते.

"बसा, आने-ले," डिस्कित म्हणाली. काकूला ती तशीच हाक मारायची.

कुन्झेस बसली नाही. "रक्त ओकतोय. काळं. काल संध्याकाळपासून." तिने आबीकडे पाहिलं, मग चुलीकडे. "मला येऊ नको म्हणत होता. त्या घरी जायचं नाही म्हणाला."

चहा घुसळायचा दांडा आबीच्या हातात तसाच राहिला.

"चालता येतंय त्यांना?" डिस्कितने विचारलं.

"धरलं तर."

"मग त्यांना येऊ दे. त्यांनी गाडी मागितली पाहिजे."

"डिस्कित, अगं, माणूस..."

"मी पण चालतच आले होते तुमच्या दारात, आने-ले."

कुन्झेसने तोंडावर शालीची कड धरली आणि ती निघून गेली. आबीने दांडा भांड्यात आपटला. "चहा फाटला," ती म्हणाली. "कधी फाटत नाही माझा."

डिस्कित गोठ्यात उतरली. मेंढ्या बाजूला झाल्या. तिने वायर सोडवली, बॅटरी पोटाशी धरून छपरीत नेली आणि गाडीत बसवली. आधी धन, मग ऋण. पान्याने दोन्ही टोकं घट्ट केली, हलवून पाहिली.

ते उतारावरून येताना दिसले. पाल्जोर काठीवर भार टाकून, दुसरा हात कुन्झेसच्या खांद्यावर. दोनदा थांबला. दुसऱ्यांदा वाकला आणि बर्फावर काहीतरी पडलं. कुन्झेसने पायाने त्यावर बर्फ लोटला. एवढा दांडगा माणूस हिवाळाभरात केव्हा वाळला, हे डिस्कितने पाहिलंच नव्हतं.

ती गाडीत बसली आणि किल्ली फिरवली. एका फिरकीत चालू झाली. तिने इंजिन तसंच ठेवलं, बाहेर आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

पाल्जोर तिच्यासमोर आला. ओठांच्या कोपऱ्यात काळं सुकलं होतं. त्याने कुन्झेसचा हात बाजूला केला.

"पोरी, मला पदुमला ने," तो म्हणाला. स्पष्ट म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

हिवाळाभर तोंडात धरलेला शब्द जिभेच्या टोकाशी आला. तो तिने किती प्रकारे म्हणून पाहिला होता. हळू, खणखणीत, हसून.

तिने तोंड उघडण्याआधीच पाल्जोर पुन्हा बोलला.

"मागितली बघ मी. आता नाही म्हण."

"काय?"

"नाही म्हण. म्हणून टाक एकदाचं." तो काठीच्या आधाराने भिंतीकडेच्या दगडावर बसला. "त्या वळणाला भ्यालो होतो. जीप गेली असती, मी गेलो असतो. तुला खोटं सांगितलं. मग त्याला धुताना..." त्याने आपल्या तळहातांकडे पाहिलं. "दर पौर्णिमेला ऐकतो तुझी गाडी. कशासाठी चालू करतेस ते कळतं मला. म्हण. घरी जाऊन निजतो मी. फिटलं समजू."

कुन्झेस रडायला लागली. "ऐकू नकोस गं त्याचं, ताप चढलाय त्याला."

"ताप नाही," पाल्जोर म्हणाला.

डिस्कित त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिथे वेदना होती, पण तिच्याखाली आणखी काहीतरी होतं. दिवसभर ओझं वाहून आणलेला माणूस ओट्याला पाठ लावतो, तेव्हा दिसतं तसं. तो त्या 'नाही'ची वाट बघत होता. तिच्याइतकीच, कदाचित तिच्याहून जास्त.

इंजिन एका लयीत चालू होतं. गच्चीवरून आबी वाकून पाहत होती. चक्र थांबलेलं होतं.

डिस्कितने मागचं दार उघडलं. सीटवरची लोकर झटकली.

"बसा, अझांग-ले," ती म्हणाली, मामाला म्हणावं तशी.

पाल्जोर हलला नाही. "नको," तो म्हणाला. आवाज एकदम लहान झाला. "पोरी, नको असं करू."

"आने-ले, त्यांचे पाय उचला."

त्याने दाराची कड धरली. बोटांत बळ नव्हतं. कुन्झेसने ती एकेक करून सोडवली. दोघींनी मिळून त्याला आत ठेवलं, अंगावर घोंगडी टाकली. त्याने डोळे मिटून घेतले होते आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानाकडे चाललं होतं.

"त्यापेक्षा त्याला ठार मारायची होतीस ना!" आबी वरून ओरडली. रागाने की कशाने, कळलं नाही.

डिस्कितने मान वर केली. तिने वाफेने धुरकटलेली काच आतून पुसली आणि गाडी काढली.

वळणावर ती पहिल्या गिअरमध्ये आली. चाकांखाली राखेचा बर्फ करकरला, एकदा मागचं चाक सरकलं आणि धरलं गेलं. नदी डावीकडे खाली राहिली. आरशात तिला पाल्जोर दिसत होता. त्याने डोळे उघडले होते आणि तो मागे राहिलेल्या त्या जागेकडे बघत होता, जिथे स्तोबदनची झोळी खाली ठेवली होती.

"थांबव," तो म्हणाला. "इथेच उतरव मला."

"पदुमला डॉक्टर आहेत. रक्त चढवतील. औषधाने बरं होतं हे, वेळेत पोचलं तर." ती वर्गात बोलायची तशी, सावकाश, बोलत होती. "आपण वेळेत पोचू."

"डिस्कित..."

"तुम्ही बरे होणार, अझांग-ले. पुष्कळ वर्षं जगणार."

तिने हिटर एक घर वाढवला, जेणेकरून त्याला थंडी वाजू नये, आणि पुढे बघून चालवत राहिली. मागे पाल्जोरने घोंगडी हळूहळू तोंडावर ओढून घेतली. कुन्झेस पुन्हा पुन्हा ती बाजूला करत राहिली.