सात एकांचा आकडा

निजामाच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. अणदूरजवळच्या एका गावात सरकारी शाळा उर्दूतली, म्हणून सोमलिंग मास्तर मठाच्या ओसरीवर मुलांना मराठीतून शिकवायचे. एका आकड्याचा त्यांना भारी अभिमान. फळ्यावर सात वेळा एक ओळीनं मांडायचे. अकरा लाख अकरा हजार एकशे अकरा. तिनानं भागा, सातानं भागा, अकरानं, तेरानं भागा, बाकी एकच.

"ह्यो आकडा कशानंच तुटत न्हाय," ते सांगायचे. "शेवटी एक उरतोच. एक म्हंजे शिव."

ओसरीवर टेकलेले म्हातारे माना डोलवायचे.

मास्तरांची बायको शांताक्का माहेरी बापाच्या दुकानात बसून हिशेब शिकलेली. आकडा खरंच तुटत नाही का, हे तिला बघायचं होतं. दुपारी कामं उरकली की ती कोळशानं फरशीवर भागाकार मांडायची. सतरानं आठ उरले. एकोणिसानं दहा. तिनं नाद सोडला नाही. पुढं एका दुपारी दोनशे एकोणचाळीसनं भागलं आणि बाकी काहीच उरली नाही. चार हजार सहाशे एकोणपन्नास पुरते बसले. तिनं उलट गुणूनही बघितलं. मग ओसरीवर मुलांत बसून शिकणाऱ्या लेकीला, गौराला, जवळ ओढून दाखवलं.

"कुणाला बोलू नगं. अप्पांना मीच सांगते."

पण दहा वर्षांच्या पोरीला ते पोटात ठेववेना. दुसऱ्या दिवशी मास्तर फळ्याशी उभे असतानाच ती म्हणाली, "अप्पा, दोनशे एकोणचाळीसनं तुटतोय. अव्वानं काढलं."

एक म्हातारा हसला, तसे सगळेच हसले. मास्तरांनी गौराला दंडाला धरून घरी आणलं.

"उद्यापासून ही घरीच ऱ्हाईल."

"आधी भागून तरी बघा," शांताक्का म्हणाली.

"तू शिकवणार व्हय मला?"

गौराची पाटी सुटली ती सुटलीच. तेराव्या वर्षी तिचं लग्न लावून तिला तेर गावी देऊन टाकली. पुढं निजाम गेला, गावात मराठी शाळा आली आणि मास्तर हेडमास्तर झाले. तुटत नाही म्हणून तो आकडा तिथंही मुलांना शिकवू लागले.

गौरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळ महिन्याचं झालं, तेव्हा शांताक्कानं सहज तिला एक भागाकार घातला.

"ते कशाला आता, अव्वा?" गौरा कसंनुसं हसली. "समदं इसरले मी."

त्या संध्याकाळी नवऱ्याला वाढताना शांताक्कानं विचारलं, "माझा तो भागाकार कधी करून बघितला का तुम्ही?"

"त्याच दिवशी," मास्तर भाकरी मोडत म्हणाले. "बराबर होता."

"मग?"

"चार माणसांत बोलून बसलो होतो."

शांताक्कानं पळी भांड्यात ठेवली. आतल्या खोलीत गौरा बाळाला थोपटत होती. तिचं थोपटणं मधेच थांबलं.